केमिस्ट्रीच्या परीक्षेची मिळून तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही चौघांनी केमिस्ट्री जवळजवळ पूर्ण एकत्र केली. आता मागून येणारी मुलं-मुली तेच तेच प्रश्न घेऊन येतात, आणि प्रत्येकाला वेगळं सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

ग्रुपमध्ये अभ्यास केल्याने खरंच फायदा होतो का, की नुसता वेळ जातो?

दोन्ही होतं, खरं सांगते. आमचे पहिले दोन महिने वायाच गेले, कारण आम्ही भेटायचो, एकजण पुस्तकातून वाचायचा, बाकीचे माना डोलवायचे आणि सगळ्यांना वाटायचं की समजलं. मग टेस्टमध्ये तोच धडा आला आणि चौघांनाही हात लावता आला नाही. त्यानंतर आम्ही एकच नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला: सोडवायचं एकट्याने, तपासायचं मिळून. म्हणजे प्रत्येकाने आधी स्वतःच्या वहीत स्वतःच्या डोक्याने उत्तर लिहायचं, चुकलं तरी लिहायचं, आणि मगच तोंड उघडायचं. ग्रुपचा खरा उपयोग आपलं डोकं कुठे चुकीच्या दिशेला जातं ते दुसऱ्याकडून पकडून घ्यायला होतो, बाकी नोट्स काय एकट्यानेही वाचता येतात.

किती जण असावेत?

तीन किंवा चार. पाचवा आला की कुणीतरी एकजण गप्प बसायला लागतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघं असाल तरी चालतं, फक्त दोघंही एकच चूक करत असाल तर ती पकडणारं कुणी नसतं.

सगळ्यांची लेव्हल सारखी नाही, मग हुशार मुलाचं नुकसान होत नाही का?

नाही होत, उलट समजावून सांगणाऱ्याचाच जास्त फायदा होतो, हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्यातल्या एकाला इक्विलिब्रियम छान यायचं, पण त्याला विचारलं की "बंद भांड्यात व्हॉल्यूम तेवढाच ठेवून हेलियम सोडला तर प्रेशर वाढतं ना, मग रिअ‍ॅक्शन का सरकत नाही?" तर तो अडकला. नियम पाठ होता, पण भाग घेणाऱ्या गॅसेसचं पार्शल प्रेशर (मिश्रणात प्रत्येक गॅसचं स्वतःचं प्रेशर) बदलतच नाही हे कारण त्याने आधी कधी शब्दांत मांडलेलं नव्हतं. असा साधा "का" विचारणारं कुणीतरी शेजारी लागतं आणि ते बहुतेक वेळा सगळ्यात मागे असलेलंच विचारतं, कारण बाकीच्यांना विचारायची लाज वाटते.

भेटल्यावर नक्की करायचं काय? आमचा अर्धा तास तर कुठून सुरू करायचं यातच जातो.

भेटायच्या आधीच ठरवा, एक धडा आणि त्यातली सहा-सात गणितं किंवा प्रश्न, बास. आल्यावर पहिली पंचवीस-तीस मिनिटं पूर्ण शांतता, सगळे तेच प्रश्न सोडवतायत. मग वह्या मध्ये ठेवायच्या. उत्तर जुळलं तरी पद्धत बघायची, हे विसरू नका, कारण चुकीच्या पद्धतीने बरोबर उत्तर येतं आणि ते फार धोक्याचं असतं.

उदाहरण देते. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती मिळेल? आमच्यातल्या एकीने लगेच हायड्रोजन लिमिटिंग, म्हणजे आधी संपणारा, धरला कारण तो "कमी आहे". पण मोलमध्ये बघा, नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन ४ मोल, आणि १ मोल नायट्रोजनला हायड्रोजन लागतो फक्त ३ मोल, म्हणजे आधी संपणार नायट्रोजन. अमोनिया २ मोल म्हणजे ३४ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरला. आता बेरीज करा: ३४ आणि २, छत्तीस. सुरुवातीला होते २८ आणि ८, छत्तीसच. ही शेवटची बेरीज करायची सवय आम्हाला ग्रुपमुळेच लागली, कारण कुणाचं बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा वस्तुमान जुळतंय का बघणं सोपं होतं. त्याच गणितात हायड्रोजन ४ ग्रॅम दिला असता तर तिच्या चुकीच्या पद्धतीनेही हायड्रोजनच लिमिटिंग आला असता, आणि चूक तशीच आत राहिली असती.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने वही बंद करून आज काय नवीन कळलं ते तोंडी सांगायचं.

मोल कन्सेप्टच धड कळत नाही, पुढचं काय करणार?

मग थांबा आणि तेच करा, पुढे जाऊ नका. मोल कच्चा असेल तर सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, टायट्रेशन सगळीकडे तोच खड्डा लागतो. मोल हा फक्त मोजायचा गठ्ठा आहे, जसं डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. आधी हा आकडा १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून यायचा, २०१९ पासून तो व्याख्येनेच पक्का केलाय. मोलपर्यंत यायचे रस्ते तीन: ग्रॅम दिले असतील तर मोलर मासने भागा, सोल्युशन असेल तर मोलॅरिटीला लीटरने गुणा, आणि गॅस असेल तर व्हॉल्यूमवरून. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २२.४ लीटर हा आकडा फक्त गॅसला आणि तोही ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरलाच चालतो (प्रेशर १ बार धरलं तर २२.७). १८ मिलीलीटर पाण्याला २२.४ लावणारे मी कितीतरी पाहिलेत. ग्रुपमध्ये खेळासारखं करा, एकाने पदार्थ आणि आकडा सांगायचा, दुसऱ्याने फक्त "कुठला रस्ता" एवढंच सांगायचं, गणित करायचंच नाही. तीन-चार दिवसांत हात बसतो.

फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, तिन्ही एकाच पद्धतीने करायचं का?

अजिबात नाही.

फिजिकलमध्ये मार्क जातात ते युनिटमध्ये. गिब्ज एनर्जीचं (रिअ‍ॅक्शन आपोआप होईल का ते यावरून कळतं) गणित घ्या, अमोनिया तयार होतानाची एन्थॅल्पी साधारण उणे ९२ किलोज्यूल, एन्ट्रॉपी साधारण उणे १९८ ज्यूल प्रति केल्व्हिन, आणि विचारलंय की कुठल्या तापमानाला रिअ‍ॅक्शन आपोआप व्हायची थांबेल. किलोज्यूलचे ज्यूल न करता भागलं तर उत्तर येतं ०.४६ केल्व्हिन, आणि मुलं ते लिहून पुढे जातात! शेजारी बसलेलं कुणी नुसतं विचारेल की "अरे एवढ्या थंडीत, जवळजवळ अ‍ॅब्सोल्यूट झिरोला?" तर लगेच चूक दिसते. बरोबर उत्तर साधारण ४६५ केल्व्हिन. तसंच गॅस कॉन्स्टंट, ज्यूलमध्ये काम असेल तर ८.३१४ आणि लीटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असेल तर ०.०८२१, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ऑरगॅनिक बोलून होत नाही, काढावं लागतं. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर एकाने मेकॅनिझमचा पहिला बाण काढायचा, पेन दुसऱ्याकडे द्यायचं, त्याने दुसरा. बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो आणि जिथे जातायत तिथे टेकतो, हे एवढं जरी सगळ्यांनी एकमेकांना टोकून टोकून पक्कं केलं तरी निम्मं ऑरगॅनिक सुटतं. दुसरं म्हणजे साखळ्या करा: इथेनॉलपासून असिटिक अ‍ॅसिड, त्यापासून इथाइल असिटेट, परत उलटं कसं यायचं, प्रत्येक पायरीला कुठलं रिएजंट. आणि अपवाद कारणासकट विचारा. पेरॉक्साइड इफेक्ट हायड्रोजन ब्रोमाइडलाच का चालतो, क्लोराइड-आयोडाइडला का नाही? फिनॉल इथेनॉलपेक्षा जास्त अ‍ॅसिडिक का? (पीकेए जितका कमी तितकं अ‍ॅसिड स्ट्राँग; फिनॉलचा साधारण १०, इथेनॉलचा १६ च्या आसपास, म्हणजे फरक दहा लाख पटींचा आहे, आणि कारण एकच, फिनॉक्साइडवरचा निगेटिव्ह चार्ज रिंगमध्ये पसरतो.)

इनऑरगॅनिकमध्ये थोडं पाठांतर आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथेही एकाने विधान करायचं आणि दुसऱ्याने "का" म्हणायचं. पोटॅशियम परमँगनेट जांभळं का? बहुतेक जण पटकन म्हणतात डी-डी ट्रान्झिशन, म्हणजे डी ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनची उडी. पण त्यात मँगनीज अधिक ७ ला आहे, डी ऑर्बिटलमध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, मग ट्रान्झिशन कुणाचं? रंग येतो ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जाणाऱ्या चार्ज ट्रान्सफरमुळे. असा एक प्रश्न फसला की तो धडा आयुष्यभर लक्षात राहतो.

धडे सुटे सुटे लक्षात राहतात, एकमेकांशी जोडले जात नाहीत. काही उपाय?

आहे आणि हा माझा सगळ्यात आवडता. एक पदार्थ घ्या आणि अख्ख्या सिलॅबसमधून फिरवून आणा. आम्ही अमोनिया घेतला होता. वर बघा, तो दोनदा येऊन गेलाच.

पहिल्याने बाँडिंग सांगितलं: एक लोन पेअर (बाँडमध्ये नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी), म्हणून अँगल साधारण १०७ अंश, मिथेनचा १०९.५, पाण्याचा १०४.५. दुसरीने हायड्रोजन बाँडिंग, म्हणून अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो आणि फॉस्फिन त्याहून जड असूनही उणे ८८ च्या आसपासच. मग इक्विलिब्रियम: चार मोल गॅसचे दोन होतात, म्हणून प्रेशर वाढवलं की अमोनिया वाढतो. आणि मग तो प्रश्न आला ज्याने आम्हाला तासभर बसवलं: रिअ‍ॅक्शन एक्झोथर्मिक आहे, थंड ठेवली तर अमोनिया जास्त मिळायला हवा, वरच्या गणितात ४६५ केल्व्हिनच्या पुढे गिब्ज एनर्जीची किंमतही विरोधात जाते, मग कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस कशाला ठेवतात? कारण नायट्रोजनचा ट्रिपल बाँड तोडायला सुमारे ९४५ किलोज्यूल प्रति मोल लागतात, थंडीत रिअ‍ॅक्शन इतकी हळू चालते की उपयोग नाही. म्हणून तापमानात तडजोड, २०० अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास प्रेशर आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट. थर्मोडायनॅमिक्स सांगतं किती मिळेल, कायनेटिक्स सांगतं किती वेळात, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं कळलं. फ्रिट्झ हेबरला या कामासाठी १९१८ चं नोबेल मिळालं, आणि हाय प्रेशरचं तंत्र उभं करणाऱ्या कार्ल बॉशला १९३१ चं.

पुढे अजून आहेच. अमोनिया वीक बेस, अमोनियम क्लोराइडबरोबर बफर. कॉपर सल्फेटमध्ये थोडा घातला तर फिकट निळा प्रेसिपिटेट, अजून घातला की तो विरघळून गडद निळा कॉम्प्लेक्स. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतो, सिल्व्हर आयोडाइड नाही. आणि ऑरगॅनिकमध्ये अ‍ॅनिलिन अमोनियापेक्षा वीक बेस का, तर लोन पेअर रिंगमध्ये गुंतलेली. एका संध्याकाळी आठ-नऊ धडे झाले. पुढच्या वेळी सल्फ्युरिक अ‍ॅसिड घ्या किंवा इथेनॉल घ्या.

सगळ्यांची उत्तरं वेगळी आली तर कुणाचं खरं धरायचं?

मतदान करू नका. जास्त जण म्हणतात म्हणून उत्तर बरोबर होत नाही. युनिट बघा, चिन्ह बघा, आकडा शक्य वाटतो का बघा.

आणि सगळ्यांचं सारखं आलं तरी सावध राहा, हे आम्ही फार वाईट पद्धतीने शिकलो. कॉपर आणि सिल्व्हरच्या सेलचं व्होल्टेज काढायचं होतं. सिल्व्हरचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल ०.८० व्होल्ट, कॉपरचं ०.३४. इक्वेशन बॅलन्स करायला सिल्व्हर दोनने गुणला, तसं आम्ही ०.८० पण दोनने गुणलं, १.६० वजा ०.३४, उत्तर १.२६, चौघांचं सारखं, म्हणून कुणी तपासलंच नाही, आणि तेच परीक्षेत चौघांनीही लिहिलं. बरोबर उत्तर ०.४६ व्होल्ट. व्होल्ट म्हणजे ज्यूल प्रति कूलोम, दर कूलोममागे किती एनर्जी, त्यामुळे इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तरी तो दर तोच राहतो. दुप्पट होते ती गिब्ज एनर्जी: २ गुणिले ९६,४८५ गुणिले ०.४६, म्हणजे सुमारे ८९ किलोज्यूल, उणे चिन्हासकट. त्यानंतर आम्ही ठरवलं की चौघांचं जुळलं की एकाने मुद्दाम विरोधी वकील व्हायचं आणि प्रत्येक स्टेपवर शंका घ्यायची.

अशी अजून काही "सगळे फसतात" अशी गणितं?

एक सांगतेच. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं कॉन्सन्ट्रेशन १० चा उणे ८ वा घात मोलर आहे, पीएच किती? झटकन ८ लिहितात. अ‍ॅसिड पाण्यात घातलं आणि ते बेसिक झालं, असं कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन इथे अ‍ॅसिडपेक्षा जास्त आहेत, ते धरले की उत्तर ६.९८ च्या आसपास येतं. अशा फसव्या गणितांची एक वेगळी वही ठेवा, चौघांची मिळून एक. परीक्षेच्या आठवड्यात आम्ही बाकी काही न वाचता तीच वाचली.

जुने पेपर कधी सुरू करायचे?

सिलॅबस संपायची वाट बघू नका, धडा झाला की त्या धड्याचे जुने प्रश्न लगेच. पूर्ण पेपर मात्र शेवटच्या दीड-दोन महिन्यांत, घड्याळ लावून, मध्ये न बोलता, आणि मग पेपर अदलाबदल करून दुसऱ्याचा तपासायचा. दुसऱ्याचा पेपर तपासताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं कशातच नाही, स्टेप गाळली की वाचणाऱ्याला किती त्रास होतो ते तिथे कळतं.

वाचण्यापेक्षा स्वतःला तपासणं जास्त टिकतं हे फक्त माझं मत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून वाचून झाल्यावर "येतंय की" असं वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका, ते पाच मिनिटांचं असतं.

फोनवरचा ग्रुप काढावा का?

काढा, पण एक अट: नुसत्या प्रश्नाचा फोटो टाकायचा नाही, आपण कुठपर्यंत आलो त्याचाही टाकायचा. आणि उत्तर देणाऱ्याने पूर्ण सोल्युशन न देता पुढची एकच स्टेप द्यायची.

प्रॅक्टिकल आणि व्हायवाची तयारी एकत्र होते का?

फार छान होते, आणि बहुतेक ग्रुप हे करतच नाहीत. दोघांनी एक्झामिनर व्हायचं, दोघांनी उत्तरं द्यायची, मग बदली. टायट्रेशनवर प्रश्नांचा पाऊस पाडा. ब्युरेट शेवटी त्यात भरायच्या सोल्युशननेच का धुवायचा, आणि कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनेच का? (फ्लास्कमध्ये सोल्युशन चिकटून राहिलं तर मोल वाढतात, पाणी राहिलं तर मोल तेवढेच राहतात.) परमँगनेटचं रीडिंग वरच्या कडेला का घेतात? गडद रंगामुळे खालची कड दिसत नाही म्हणून. त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिडच का? हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडचं क्लोरीन करण्यात खर्च होतं, आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ६० अंशांच्या आसपास गरम का करायचं? सुरुवातीला रिअ‍ॅक्शन हळू असते, आणि एकदा मँगनीज अधिक २ तयार झालं की तेच कॅटॅलिस्ट होतं.

आणि हे सगळं तोंडी. घरी केमिकल्स घेऊन काही करून बघू नका, प्रयोग लॅबमध्ये आणि शिक्षक समोर असतानाच.

ग्रुपमधला एकजण सारखा मागे पडतोय आणि आता यायचंच टाळतोय. काय करायचं?

त्याला एकट्याला गाठून बोला, सगळ्यांसमोर नको. आमच्यातल्या एकीचं असंच झालं होतं, ती तीन वेळा आलीच नाही, आम्हाला वाटलं तिला कंटाळा आलाय. विचारल्यावर कळलं की तिला लॉगच येत नव्हते, त्यामुळे पीएच आणि कायनेटिक्सच्या प्रत्येक गणितात ती शेवटच्या स्टेपला अडकायची आणि सांगायला संकोचायची. दोन दुपारी नुसते लॉग केले. पुढे फर्स्ट ऑर्डरची गणितं ग्रुपमध्ये तिच्याइतकी झटपट कुणीच करत नव्हतं. अडचण बऱ्याचदा केमिस्ट्रीची नसतेच, गणिताची असते किंवा प्रश्न वाचण्याची असते, आणि ती फक्त मित्रालाच सांगितली जाते.

मार्कांची तुलना मात्र ग्रुपमध्ये करू नका. कुठल्या प्रश्नाला गेले ते बोला, किती पडले ते राहू द्या.

आदल्या दिवशी भेटावं का?

नको. आदल्या दिवशी कुणीतरी असा एखादा प्रश्न काढतो जो कुणालाच येत नाही आणि सगळे घाबरतात. फार तर फोनवर अर्धा तास, ज्याला जे अडलंय तेवढंच. फसव्या गणितांची वही चाळा आणि झोपा.

पेपर झाल्यावर उत्तरं जुळवायची का?

अजून पेपर बाकी असतील तर जुळवू नका, प्रॅक्टिकल बाकी असेल तरी नका. सगळं संपलं की हवं तेवढं जुळवा. आम्ही शेवटच्या दिवशी जुळवायला बसलो आणि पाचव्या प्रश्नावर परत वाद सुरू झाला, कागद-पेन बाहेर आलं, एकाने वस्तुमानाची बेरीज करून दाखवली.